लंडनचे पत्र : सिकलसेलची फाइल आणि दुसरे मत

इंग्लंडमध्ये बाळ पाच दिवसांचे झाले की मिडवाइफ त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे चार थेंब कागदावर घेते. त्यातच सिकलसेल या रक्तविकाराची तपासणी होते. आजार निघाला, तर बाळ तीन महिन्यांचे होण्याआधी पेनिसिलिन सुरू होते. दोन वर्षांनंतर दरवर्षी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी असते, कारण या मुलांना पक्षाघाताचा धोका असतो.

हे ऐकून चंद्रपूर-गडचिरोलीहून विचारणा होते, "लंडनच्या डॉक्टरले रिपोर्ट दाखवता येईन का, भाऊ?"

दाखवता येतो. पण इथला डॉक्टर मत देईल, औषध लिहून देणार नाही. भारताच्या 2020 च्या टेलिमेडिसिन सूचना भारतात नोंदणी असलेल्या डॉक्टरांसाठी आहेत, त्यामुळे औषधाची चिठ्ठी तुमच्याच डॉक्टरांची लागते. इथली पद्धतही तशीच आहे. रुग्ण आधी जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या डॉक्टरकडे जातो. जीपीच्या पत्रावरून तज्ज्ञ तपासतो आणि उत्तरही जीपीलाच लिहितो. रुग्णाला त्याची प्रत मिळते. म्हणून तिकडून नुसते रिपोर्टचे फोटो नकोत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र हवे.

हे पत्र मागायला संकोच करू नका. डॉक्टरांना वाईट वाटेल, या भीतीने आपल्याकडे किती तरी घरे गप्प बसतात. इथे दुसरे मत मागणे हा अविश्वास मानत नाहीत. 2021 मध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी लंडनच्या रुग्णालयात दगावली. आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती, ती ऐकली गेली नाही. तिच्या आईवडिलांच्या लढ्यातून 'मार्थाज् रूल' आला. प्रकृती ढासळत असेल तर दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागण्याची सोय त्यामुळे इथल्या रुग्णालयांत 2024 पासून होऊ लागली.

डॉक्टरांच्या पत्रासोबत एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीचे आकडे पाठवा. त्यात एचबीएफ, म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, किती टक्के आहे ते हवेच. सोल्युबिलिटी टेस्ट 'पॉझिटिव्ह' एवढ्यावर मूल वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. वजन, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा डोस, रक्त किती वेळा चढवले, भरती किती वेळा झाली, हेही लिहा.

आणखी एक. इथल्या सिकलसेल क्लिनिकमध्ये बहुतेक रुग्ण आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाचे असतात. आपल्याकडचा सिकलसेल बहुधा 'अरब-भारतीय' प्रकारचा, त्यात एचबीएफ सहसा जास्त असते. म्हणून फाइल आधी नागपूरच्या रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलांचा अनुभव त्यांच्यापाशी जास्त आहे.

नव्या जनुकीय उपचाराविषयीही लोक आशेने विचारतात. कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये जगात सर्वांत आधी ब्रिटनने मान्यता दिली. तो बारा वर्षांपुढच्या निवडक रुग्णांसाठी आहे, आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते आणि जाहीर किंमत सुमारे साडेसोळा लाख पौंड आहे. त्यासाठी कोणी शेत विकायला काढू नये. हायड्रॉक्सीयुरिया रोज, योग्य डोसमध्ये घेतले जाते का आणि रक्ताची तपासणी वेळेवर होते का, हेच इथला तज्ज्ञही आधी विचारेल.