शिकारी पादत्राणे

सावजाचा पायी माग काढीत, त्याला चाहूल लागू न देता त्याच्या जवळ जाण्यासाठी वापरण्यात येणारे बूट वा तत्सम पायताण. हाका घालून किंवा मचाणावर बसून केलेल्या शिकारीत पादत्राणांना दुय्यम महत्त्व असते. पायी माग काढून केलेल्या शिकारीचे यश मात्र पुष्कळसे त्यांवर अवलंबून असते. अशा पादत्राणांत टिकाऊपणा, जलरोध व निःशब्दता हे तीन गुण अपेक्षित असतात. हे गुण बव्हंशी परस्परविरोधी आहेत. जाड व कठीण तळ दीर्घकाळ टिकतो. पण त्यातून पायाला जमीन जाणवत नाही. पाणी आत न येऊ देणारे आवरण घामही बाहेर जाऊ देत नाही. मऊ व पातळ तळ आवाज करीत नाही; पण लवकर झिजतो आणि काट्यांपासून पुरेसे संरक्षण देत नाही. त्यामुळे सर्वत्र उत्तम ठरेल असे एकच पादत्राण नसते. कोणत्या भूमीवर, कोणत्या ऋतूत व किती वेळ चालावयाचे, यावर निवड अवलंबून असते. ही निवड केवळ सोयीची बाब नाही. चाहूल लागल्याने जवळ जाता आले नाही, तर लांबून बार टाकण्याचा मोह होतो व जनावर जायबंदी होऊन निसटण्याचा संभव वाढतो. तसेच थंड प्रदेशात तासन्‌तास ओल्या राहिलेल्या पायांना, तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही, गंभीर इजा होऊ शकते. पहिल्या महायुद्धातील खंदकांत हजारो सैनिकांना ती झाली होती.

इतिहास : आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया-इटली सीमेजवळ १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेल्या ‘उत्झी’ या ताम्रपाषाणयुगीन पुरुषाच्या (इ. स. पू. सु. ३३००) पायांतील पादत्राणांचा तळ अस्वलाच्या कातड्याचा व वरचा भाग हरणाच्या कातड्याचा होता. आत झाडाच्या अंतर्सालीच्या दोऱ्यांची जाळी असून तीत ऊब राहण्यासाठी वाळलेले गवत भरलेले होते. तळासाठी एक व वरच्या भागासाठी दुसरे द्रव्य वापरण्याचे तत्त्व यावरून किती प्राचीन आहे, हे दिसून येते.

उत्तर अमेरिकेतील आदिवासींचे ‘मोकॅसिन’ हे निःशब्द पादत्राणाचे उत्कृष्ट उदाहरण होय. हरणाचे कातडे जनावराच्या मेंदूने कमावून त्याला धुरी देत. धुरी दिलेले कातडे भिजून वाळल्यावरही मऊ राहते. पूर्वेकडील वनप्रदेशांत मऊ तळाची, तर काटेरी निवडुंग असलेल्या मैदानी प्रदेशात कच्च्या चामड्याचा स्वतंत्र, कठीण तळ असलेली मोकॅसिने वापरीत. आर्क्टिक प्रदेशातील इन्यूइट लोकांनी सीलच्या कातड्याच्या बुटांत जलरोधाचा प्रश्न शिवणीच्या कौशल्याने सोडविला. त्यांच्या शिवणीत सुई कातड्यातून आरपार नेली जात नाही, तसेच शिवणीसाठी वापरलेले स्नायुतंतू भिजल्यावर फुगतात व छिद्रे बुजवितात.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात याउलट मार्ग अवलंबिला गेला. जॉन एल्डर या पाद्र्याने सु. १५४३ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला पाठविलेल्या पत्रात तेथील शिकाऱ्यांच्या पायताणाचे वर्णन आहे. मारलेल्या तांबड्या हरणाचे कातडे सोलून, त्याच्या आतल्या बाजूवर अनवाणी पाय ठेवून घोट्यापर्यंतचे माप घेत व केस बाहेर ठेवून वादीने ते बांधीत. वरच्या भागास मुद्दाम भोके पाडीत, म्हणजे शिरलेले पाणी त्यांतून निघून जाई. पाणी अडविता येत नसेल, तर त्यास वाट करून द्यावी, हे तत्त्व आजही उष्ण व अतिपावसाच्या प्रदेशातील पादत्राणांत वापरले जाते.

रबराच्या व्हल्कनीकरणाने (चार्ल्स गुडइयर, शोध १८३९, अमेरिकी एकस्व १८४४) उष्णतेने न पाझळणारे व थंडीने न तडकणारे रबर उपलब्ध झाले आणि संपूर्ण जलरोधी बूट शक्य झाले. रबरी बूट मात्र जड व घाम कोंडणारे होते. अमेरिकेतील मेन राज्यातील लिऑन लिओनवुड बीन यांनी १९१२ मध्ये खालचा भाग रबराचा व वरचा भाग हलक्या चामड्याचा असलेला शिकारी बूट विक्रीस आणला. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद जोडांत रबर शिवणीपाशी फाटल्याने ते परत आले, असे सांगितले जाते. बीन यांनी ग्राहकांचे पैसे परत केले आणि रबराचा भाग सुधारून घेतला. हा नमुना पुढे एक शतकाहून अधिक काळ टिकून राहिला. बूट निकामी होतो तो बहुधा द्रव्यामुळे नव्हे, तर दोन द्रव्यांच्या सांध्यापाशी, हा धडा या प्रकरणातून मिळतो.

तळांवर लोखंडी खिळे ठोकण्याची पद्धत डोंगरी प्रदेशात विसाव्या शतकातही चालू होती. ओल्या गवतावर खिळ्यांची पकड चांगली बसते. पण खडकावर त्यांचा खणखणाट होतो. इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांनी १९३५ मध्ये आल्प्समधील एका दुर्घटनेत सहकारी गमावल्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ तयार केला (१९३७). त्यानंतर खिळ्यांचा वापर हळूहळू मागे पडला. रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या प्रसारित बहुटेट्राफ्ल्युओरोएथिलिनाच्या सूक्ष्मच्छिद्री पटलामुळे बुटांत जलरोधी अस्तर घालणे शक्य झाले.

आवाजाची कारणे : चालताना होणारा आवाज चार प्रकारचा असतो : (१) टाच जमिनीवर आदळल्याचा, (२) पायाखाली पाने व काटक्या मोडल्याचा, (३) बुटाची बाजू झुडपांवर घासल्याचा आणि (४) खुद्द बुटाचा. पहिल्या दोहोंवर मुख्यतः चालण्याच्या पद्धतीने नियंत्रण ठेवता येते. कसलेला शिकारी पावलाची बाहेरील कड आधी टेकवितो, मग पाऊल आत वळवितो व खाली काटकी नाही अशी खात्री झाल्यावरच त्यावर भार देतो. यासाठी बोटांच्या मुळाशी सहज वाकणारा व काटकी जाणवू देणारा तळ लागतो. गिर्यारोहणाच्या ताठ बुटांत ही जाणीव नष्ट होते. खोल खाचांच्या तळात खडे अडकून ते खडकावर खरखरतात. म्हणून उथळ व एकमेकींपासून दूर असलेल्या खाचा अधिक चांगल्या. मऊ रबर आवाज व आघात शोषून घेते; परंतु ते लवकर झिजते.

घर्षणाचा आवाज वरच्या द्रव्यावर अवलंबून असतो. नायलॉनचे जाड कापड गवतावर व झुडपांवर सळसळते; घासून मऊ केलेले चामडे, लोकर किंवा सुती कापड पुष्कळच शांत असते. बुटाचा स्वतःचा आवाज तळाच्या थरांच्या परस्परघर्षणाने, कोरड्या चामड्याने, सैल धातूच्या आकड्यांनी किंवा आत साचलेल्या पाण्याने होतो. महाराष्ट्रात कोल्हापुरी वहाणेची करकर हा तिचा डौल मानला जातो. शिकारी बुटात तोच दोष ठरतो. आत पाणी शिरलेला बूट प्रत्येक पावलाला पचपचतो. म्हणून जलरोध व निःशब्दता हे गुण या एका बाबतीत परस्परपूरक ठरतात.

जलरोध : बुटात पाणी चार वाटांनी शिरते : वरच्या तोंडातून, जिभेच्या बाजूंनी, शिवणीच्या छिद्रांतून व प्रत्यक्ष चामड्यातून. पाचवे पाणी आतलेच, म्हणजे घामाचे होय. पुष्कळदा गळका ठरविलेला बूट वस्तुतः घामानेच ओला झालेला असतो. जीभ दोन्ही बाजूंस घडीच्या चामड्याने वरपर्यंत जोडलेली असल्यास दुसरी वाट बंद होते. शिवणी जितक्या कमी व पावलाच्या वाकणाऱ्या जागेपासून जितक्या दूर, तितका जलरोध अधिक टिकतो.

जलरोधाच्या तीन पद्धती रूढ आहेत. मेण व चरबी मुरविलेल्या जाड चामड्याचे बूट काही प्रमाणात वाफ बाहेर जाऊ देतात आणि पुन्हा मेण लावून त्यांचा गुण टिकविता येतो; मात्र सतत पाण्यात राहिल्यास ते अखेर भिजतात. रबरी बूट पूर्ण जलरोधी असून त्यांच्यामुळे माणसाचा गंध मागावर कमी राहतो, असे शिकारी मानतात. परंतु लांबच्या चालीत पाय घामाने भिजतात व घोट्यास आधार मिळत नाही. पटलाचे अस्तर असलेल्या बुटांत पटलाची छिद्रे पाण्याच्या थेंबाच्या मानाने अत्यंत लहान, पण बाष्पाच्या रेणूच्या मानाने मोठी असल्याने घामाची वाफ बाहेर जाते. बाहेरचे चामडे पाण्याने संपृक्त झाले, की ही क्रिया मंदावते. तसेच आत शिरलेल्या वाळूच्या कणांनी व सततच्या घड्यांनी पटल फाटल्यास ते दुरुस्त करणे बहुधा शक्य नसते. एकदा वरून आत शिरलेले पाणी अशा बुटातून लवकर निघतही नाही.

टिकाऊपणा : वरच्या भागासाठी केसांकडील पृष्ठ शाबूत ठेवलेले, एकसंध व जाड चामडे सर्वांत टिकाऊ असते. ते पृष्ठ घासून काढून वर कृत्रिम लेप दिलेले चामडे दिसण्यात सारखे असले, तरी वाकण्याच्या जागी तडकते. पट्टीवर शिवून बसविलेला तळ झिजल्यावर बदलता येतो. चिकटविलेला तळ हलका व लवचिक असतो, पण बदलणे कठीण जाते. म्हणून निःशब्दतेसाठी चिकटविलेला व दीर्घ वापरासाठी शिवलेला तळ पसंत केला जातो. मधल्या थरात बहुयुरेथेनाचा फेस असल्यास दमटपणामुळे त्याचे जलीय विच्छेदन होते व काही वर्षांनी तो भुगा होऊन तळ सुटतो. न वापरता ठेवून दिलेल्या बुटांतही हे घडते. त्यामुळे स्वस्तात मिळणारे जुन्या साठ्यातील नवे बूट घेताना उत्पादनाचे वर्ष पाहणे आवश्यक असते. रबर ऊन व ओझोन यांनी तडकते.

भूमीनुसार निवड : स्कॉटलंडमधील पीटच्या दलदली, ओढे व ओले खडक असलेल्या डोंगरांवर घोट्याच्या वर जाणारे, मेणविलेल्या चामड्याचे व मध्यम ताठ तळाचे बूट उपयुक्त ठरतात, चिखल व पाणी वरून शिरू नये म्हणून त्यांवर गुडघ्यापर्यंतची कापडी आवरणे चढवितात. बर्फ वितळून चिखल झालेल्या वनांत रबरी तळाचा व चामडी गळ्याचा बूट सोयीचा असतो. नुसत्या दलदलीत उंच रबरी बुटास पर्याय नाही. कोरड्या पानझडी वनांत जलरोधाला महत्त्व नसते. तेथे पातळ रबरी तळाचे, कापडी वा मऊ चामड्याचे हलके बूट सर्वांत शांत. पायावरील वजन वाहण्यास पाठीवरील तितक्याच वजनापेक्षा कित्येक पट श्रम पडतात आणि दमलेला माणूस पाय ओढीत चालतो. म्हणून शेवटच्या काही पावलांची निःशब्दता बुटाच्या हलकेपणावरही अवलंबून असते.

माप व परीक्षा : चालल्यानंतर पाय फुगतात, म्हणून बूट सायंकाळी व शिकारीच्या वेळी घालावयाच्या जाड लोकरी मोज्यांसह घालून पाहतात. नाडी न बांधता पाय पुढे सरकविल्यास टाचेमागे एक बोट शिरावे. नाडी बांधून उतारावर चालताना बोटे पुढे आपटू नयेत व चढावर टाच वर उचलली जाऊ नये. बूट दोन्ही हातांनी वाकविल्यास तो बोटांच्या मुळाशीच वाकावा, मध्यभागी नव्हे. लाकडी जमिनीवर सावकाश चालून व दोन्ही बुटांच्या बाजू एकमेकींवर घासून आवाजाची परीक्षा करता येते. आत कोरडा कागद ठेवून बूट शिवणीच्या वरपर्यंत काही वेळ पाण्यात उभा केल्यास गळती कळते. मात्र नवा बूट या परीक्षेत उतरला, तरी शेकडो वेळा वाकल्यानंतर तो तसाच राहील असे नाही. म्हणून काही आठवडे वापरल्यावर ती पुन्हा करणे इष्ट असते. नवे बूट रोजच्या चालण्यात रुळवूनच शिकारीस नेतात.

निगा : ओले बूट शेकोटीजवळ वाळविल्यास चामडे आकसते, ठिसूळ होते व सांधे सुटतात. चिखल धुऊन, आत कागद कोंबून व तो बदलीत ते सावलीत वाळवावे लागतात. मेण किंचित ओलसर चामड्यात चांगले मुरते. तेलाचा अतिरेक झाल्यास चामडे लोळागोळा होऊन घोट्याचा आधार जातो. करकरणारा बूट बहुधा आतला सुटा तळ काढून त्याखाली शंखजिऱ्याची पूड टाकल्याने शांत होतो.

भारतातील उपयोग : भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांमुळे वन्य प्राण्यांच्या शिकारीवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. तेव्हापासून या पादत्राणांमागील ज्ञानाचा उपयोग वनरक्षक, प्राणिगणक व अभ्यासक यांना होतो. ठरावीक रेषेवरून पहाटे पायी चालत तृणभक्षी प्राण्यांची गणना करण्याच्या पद्धतीत प्राणी बिथरून हलण्यापूर्वी दिसणे, हे गृहीत तत्त्व असते. पावलांच्या आवाजाने ते आधीच पळाल्यास गणना चुकते. विदर्भातील मेळघाट व ताडोबा येथील वनांत उन्हाळ्यात सागाची मोठी, वाळलेली पाने पायाखाली कडकड मोडतात. तेथे पातळ व लवचिक तळ आणि सावकाश पाऊल हाच उपाय. सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळलेला जांभा दगड, सततचे पाणी व जळवा यांमुळे निराळा प्रश्न उद्‌भवतो. तेथे पटलाच्या अस्तराचे महाग बूटही वरून भरतात. म्हणून पकड चांगली असलेला रबरी तळ, पाणी निथळू देणारा वरचा भाग व गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे ही योजना अधिक व्यवहार्य ठरते. गस्तीवरील वनरक्षकास मात्र काटे, साप व रोजची लांब चाल यांचा विचार करता टिकाऊपणास अग्रक्रम द्यावा लागतो. एकाच वनात काम करणाऱ्या गणकाचे व रक्षकाचे बूट म्हणूनच एका नमुन्याचे असू शकत नाहीत.