चार्ज पंप परिपथासाठी लॉजिक चिप व घटकांची निवड

प्रस्तावना

पदवी स्तरावरील अनेक इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्पांत ५ व्होल्टचा एकच पुरवठा उपलब्ध असतो. ऑपरेशनल ॲम्प्लिफायरसाठी मात्र ऋण व्होल्टेजही लागते. ट्रान्सफॉर्मर न वापरता, केवळ कपॅसिटरमधील प्रभाराची ने-आण करून असे व्होल्टेज देणाऱ्या परिपथास चार्ज पंप म्हणतात. १९३२ मध्ये कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी अणुकेंद्रक विभाजनासाठी डायोड व कपॅसिटर यांच्या साखळीने उच्च व्होल्टेज निर्माण केले. १९७६ मध्ये डिक्सन यांनी एकात्मिक परिपथास अनुकूल अशी रचना मांडली. विद्यार्थ्यांनी जोडलेला चार्ज पंप लोडविना योग्य व्होल्टेज दाखवितो आणि लोड जोडताच ते कोसळते, असा अनुभव प्रयोगशाळेत वारंवार येतो. जोडणी बिनचूक असूनही असे घडते, तेव्हा कारण घटकांच्या निवडीत शोधावे लागते.

कार्यतत्त्व

गेटचे आउटपुट उच्च असताना पहिला कपॅसिटर एका डायोडमार्गे प्रभारित होतो. आउटपुट नीच होताच त्याचे दुसरे टोक शून्याखाली जाते व दुसऱ्या डायोडमार्गे आउटपुट कपॅसिटर ऋण दिशेने प्रभारित होतो. आदर्श स्थितीत उणे ५ व्होल्ट मिळतात. प्रत्यक्षात तीन ठिकाणी तूट येते. पुढील गणित ५ मिलिअँपिअर लोड व १० किलोहर्ट्झ वारंवारता धरून ढोबळमानाने केले आहे.

डायोड व कपॅसिटर

१एन४१४८ या सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. दोन डायोडांचे १.४ व्होल्ट होतात. १एन५८१९ हा शॉट्की डायोड घेतल्यास एकूण तूट ०.५ व्होल्टच्या आत राहते.

प्रभार वाहून नेणाऱ्या कपॅसिटरचा परिणामी रोध वारंवारता व धारकता यांच्या गुणाकाराच्या व्यस्ताइतका असतो. १० मायक्रोफॅरडसाठी तो १० ओहम, म्हणजे तूट ०.०५ व्होल्ट. ०.१ मायक्रोफॅरड घेतल्यास तो १००० ओहम होतो आणि सूत्रानुसार सर्वच्या सर्व ५ व्होल्ट नाहीसे होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची ध्रुवता येथे काळजीपूर्वक पाहावी: पहिल्याचे धन टोक गेटकडे, तर आउटपुट कपॅसिटरचे धन टोक भूमीकडे असते.

लॉजिक चिप

गेट अर्धाच काळ प्रभार देते व अर्धा काळ घेते. म्हणून त्यातून लोडच्या दुप्पट प्रवाह वाहतो. दोन्ही अर्धचक्रांतील तूट मिळून गेटचा आउटपुट रोध चौपट जाणवतो. ७४एचसी१४ च्या एका गेटचा रोध ५० ओहम धरल्यास तूट १ व्होल्ट होते. या चिपमध्ये सहा श्मिट इन्व्हर्टर असतात. एकाचा दोलक करून उरलेले पाच समांतर जोडल्यास तूट ०.२ व्होल्टवर येते. समांतर जोडावयाची गेट एकाच चिपमधील असावीत.

७४एलएस मालिकेचे उच्च आउटपुट सुमारे ३.४ व्होल्टच असते व त्याची प्रवाह देण्याची क्षमताही अल्प असते. म्हणून ती येथे टाळावी. सीडी४०१०६ हा ५ व्होल्टवर दुर्बळ ठरतो, परंतु ९ ते १२ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी योग्य आहे. ७४एचसी मालिकेची मर्यादा ६ व्होल्ट आहे. कोणतीही चिप निवडली तरी पुरवठ्याच्या पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आवश्यक आहे.

तुलना

पाच समांतर गेट, शॉट्की डायोड व १० मायक्रोफॅरड घेतल्यास सुमारे उणे ४.२ व्होल्ट मिळतात. एकच गेट व सिलिकॉन डायोड असल्यास तेच उणे २.५ व्होल्टपर्यंत घसरते. आयसीएल७६६० या खास चिपमध्ये डायोडांऐवजी मॉसफेट स्विच असतात. ५ व्होल्टवर तिचा आउटपुट रोध सुमारे ५५ ओहम असल्याने उणे ४.७ व्होल्ट मिळतात.

निष्कर्ष

केवळ व्होल्टेज हवे असल्यास खास चिप श्रेयस्कर ठरते. अध्यापनासाठी मात्र लॉजिक चिपचा परिपथ अधिक उपयुक्त आहे, कारण त्यातील प्रत्येक तूट विद्यार्थ्यास स्वतंत्रपणे मोजता येते. गेटची निवड सत्यता सारणीवरून न करता आउटपुट रोधावरून करावी आणि परिपथाची परीक्षा नेहमी लोड जोडूनच घ्यावी.