डोळ्याला न जाणवणारी काटछाट

डिजिटल छायाचित्र म्हणजे मूलतः अंकांची मांडणी असते. ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलच्या छायाचित्रात प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा अंश नोंदवण्यास प्रत्येकी एक बाइट लागत असल्याने ते जसेच्या तसे साठवल्यास सुमारे ३६ एमबी जागा व्यापते. मोबाइलमधील अशी फाइल मात्र बहुधा काही मोजक्या एमबींचीच असते. ही बचत मानवी दृष्टीच्या मर्यादा नेमक्या हेरून साधलेली आहे.

१९९२ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या जेपीईजी पद्धतीत प्रथम उजळपणाची माहिती रंगाच्या माहितीपासून वेगळी केली जाते. उजेड-सावलीतील बारीक फरक डोळा चटकन टिपतो, रंगांतील तितके बारीक फरक त्याला टिपता येत नाहीत. म्हणून रंगाच्या दोन्ही थरांत चार ठिपक्यांमागे एकच मूल्य ठेवण्याचा प्रघात आहे आणि एवढ्यानेच माहिती निम्मी होते. नंतर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटी पाडून, ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती प्रक्रियेने प्रत्येक चौकटीत मंद चढउतार किती आणि जलद चढउतार किती हे काढले जाते. जलद चढउतारांतील थोडी चूक डोळ्याला खुपत नसल्याने त्यांची मूल्ये मोठ्या संख्येने भागून पूर्णांकात बसवतात. या टप्प्याला क्वांटायझेशन म्हणतात, आणि त्यात अनेक मूल्ये शून्य होत असल्यामुळे उरलेली माहिती थोडक्यात लिहिता येते.

हे रूपांतर सुचवणारे नासिर अहमद बेंगळुरूत जन्मले आणि अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करीत होते. १९७२ मध्ये त्यांनी त्यासाठी मागितलेले संशोधन-अनुदान नाकारले गेले, तरीही काम पुढे नेऊन त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज जगभर रोज पाहिल्या जाणाऱ्या असंख्य छायाचित्रांमागे हे गणित आहे. त्या मानाने अहमद यांचे नाव भारतात फारच कमी घेतले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

व्यवहारात फाइल लहान करू पाहणारे बहुतेक लोक थेट ‘क्वालिटी’चा आकडा खाली ओढतात आणि चेहऱ्यावर चौकटी उमटल्या की निराश होतात. वास्तविक आधी चित्राची लांबी-रुंदी कमी करणे श्रेयस्कर, कारण ४००० ऐवजी १२०० ठिपक्यांची रुंदी ठेवली की पिक्सेलची संख्या सुमारे अकराव्या हिश्श्यावर येते, आणि मोबाइलच्या पडद्यावर ही उणीव सहसा जाणवतही नाही. त्यानंतर क्वालिटी ८० ते ८५ च्या आसपास ठेवल्यास सामान्य छायाचित्रात मूळ आणि लहान प्रत यांतील फरक ओळखणे कठीण जाते. ऑनलाइन अर्जांतील ५० केबीसारखी मर्यादाही याच क्रमाने सुसह्यपणे गाठता येते.

अक्षरांच्या बाबतीत मात्र हे सारे उलटते. अक्षराची कड म्हणजेच जलद चढउतार, त्यामुळे तो दडपला की मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांभोवती करडी धूळ पसरल्यासारखी दिसते; म्हणून पडद्यावरील मजकुराच्या चित्रासाठी, काहीही न गाळता माहिती आवळणारे पीएनजी स्वरूप वापरणे इष्ट. जेपीईजीत गाळलेले परत मिळत नाही आणि प्रत्येक फेरबदलानंतर फाइल नव्याने साठवताना आणखी काही गळते, यास्तव मूळ छायाचित्र वेगळे जपून प्रत्येक लहान प्रत त्यावरूनच तयार करावी.