तारीख ठरलेली उदासी

पावसाळा म्हटलं की काय आठवतं? कांदाभजी, आल्याचा चहा, मरीन ड्राइव्हच्या लाटा आणि माळशेज घाटातले फोटो. बरोबर? जून लागला की सगळ्यांचे स्टेटस एकदम हिरवेगार होतात. पण याच दिवसांत आपल्यातल्या काही जणांचा मूड पार तळाला गेलेला असतो. सकाळी उठवत नाही. जवळच्या मैत्रिणीचाही फोन घ्यावासा वाटत नाही. आणि 'काय झालंय?' असं कुणी विचारलं, तर सांगण्यासारखं काही झालेलंही नसतं. मी त्यांच्यातलीच एक.

मी अँटॉप हिलला राहते आणि फोर्टला नोकरी करते. म्हणजे रोज जीटीबी नगर ते सीएसएमटी, हार्बर लाइन झिंदाबाद! डिसेंबर-जानेवारीत मी मजेत असते. जुलै उजाडला की मात्र दहा तास झोपूनही डोळे उघडत नाहीत, सारखं काहीतरी गोड खावंसं वाटतं आणि शनिवार-रविवार पलंगावरच संपतात. आईचं ठरलेलं वाक्य: "पावसाळ्यात सगळ्यांनाच आळस येतो गं." येतो की! पण आळस रविवारी दुपारी जातो. हे तीन महिने मुक्काम ठोकून असतं.

आपला 'विंटर' जुलैत

ऋतूप्रमाणे येणाऱ्या या डिप्रेशनला रीतसर नाव मिळालं १९८४ मध्ये. नॉर्मन रोझेन्थाल हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले मानसोपचारतज्ज्ञ. उन्हाच्या देशातून अमेरिकेत गेल्यावर तिथल्या हिवाळ्यात आपलीच एनर्जी कमी होते, हे त्यांना जाणवलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशंट्सचा अभ्यास करून 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर'चं वर्णन केलं. त्याचा शॉर्टफॉर्मही नेमका 'सॅड'!

साहजिकच हा आजार थंड देशांचा मानला जातो. लंडनला डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम आठ तासांचा दिवस असतो. आपल्याकडे तेव्हाही अकरा तासांचा असतो, आणि वर लख्ख ऊन. मग मुंबईत कसलं आलंय सॅड?

गंमत इथेच आहे. कॅलेंडरप्रमाणे मुंबईचा सगळ्यात मोठा दिवस २१ जूनच्या आसपास येतो, साधारण सव्वातेरा तासांचा. आणि हवामान खात्याप्रमाणे मान्सून मुंबईत पोचायची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून. म्हणजे दिवस सगळ्यात मोठा असतो, तेव्हाच आभाळ त्यावर झाकण घालतं. 'मेघदूता'तला यक्षही आषाढातला ढग बघूनच व्याकूळ झाला होता. त्याला हार्बर लाइनची भानगडही नव्हती.

ढग नाही, ट्यूबलाइट

उजेड मोजतात लक्समध्ये. आपल्या ऑफिसात साधारण ३०० ते ५०० लक्स असतो, रात्री घरात त्याहून बराच कमी. बाहेर मात्र साध्या ढगाळ दिवशीही कित्येक हजार लक्स असतो. आपल्याला ऑफिस झगझगीत वाटतं, कारण डोळे पटकन जुळवून घेतात. मेंदूतलं घड्याळ मात्र फसत नाही. डोळ्याच्या पडद्यावर काही खास पेशी असतात. त्यांचं काम चित्र दाखवणं नाही, तर 'दिवस झाला' हा निरोप त्या घड्याळापर्यंत पोचवणं. तो निरोप सकाळी नीट मिळाला नाही, तर झोपेचं आणि मूडचं वेळापत्रक कोलमडू शकतं.

आता आपला पावसाळी दिवस आठवा. इकडच्या जुन्या कॉलन्यांत जून आला की गॅलरीला निळी ताडपत्री लागते. खिडक्या बंद, आत वाळत घातलेले कपडे. स्टेशनपर्यंत छत्री, ट्रेनमध्ये शटर खाली, ऑफिसच्या काचेवर ब्लाइंड्स. म्हणजे ढगांतून उरलेला बराचसा उजेड आपण स्वतःच बंद केलेला असतो. यात वाईट बातमी आहे तशी चांगलीही: ढग हलवता येत नाहीत, ताडपत्री हलवता येते.

सॅड की सायनचं पाणी?

थांबा, प्रत्येक वैताग म्हणजे सॅड नव्हे. चुनाभट्टीला रुळांवर पाणी, गांधी मार्केटला गुडघाभर पाणी, भिंतीला ओल, घरात कुणाला तरी ताप. एवढ्यात कुणाचंही डोकं फिरेल. डॉक्टरही हा फरक करतात. ठरावीक ऋतूत डिप्रेशन येणं, ऋतू सरल्यावर पूर्ण जाणं आणि सलग किमान दोन वर्षं असं होणं, ही त्यांची मुख्य खूण. दरवर्षी त्याच काळात येणारी एखादी बाहेरची अडचण त्याला कारण असेल, तर ते या खात्यात धरत नाहीत. आणि या व्याख्येत हिवाळाच हवा असंही नाही.

म्हणून मी एक साधी वही केली. रोज चार आकडे: किती तास झोप, घराबाहेर उजेडात किती मिनिटं, मूड दहापैकी किती, आणि ट्रेन-पाणी-गळती यांचा त्रास दहापैकी किती. ट्रेन वेळेवर आणि घर कोरडं असलेल्या दिवशीही मूड तीनच्या वर सरकत नाही, हे कागदावर दिसलं. सायन हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेले तेव्हा हीच वही सगळ्यात उपयोगी पडली.

मे महिन्यातला फंडा

बहुतेक दुखणी न सांगता येतात. हे एकच असं आहे जे तारीख सांगून येतं. गच्चीवर डांबर आपण मे महिन्यात घालतो ना? पाणी गळायला लागल्यावर नाही. मग मनाची डागडुजीही तेव्हाच का नको? यंदाची माझी यादी अशी:

• सकाळी उठल्यावर तासाभरात अर्धा तास उघड्यावर. पाऊस असेल तर छत्री घेऊन किंवा गॅलरीत. रविवारी थेट फाइव्ह गार्डन्सला चक्कर.

• ताडपत्री निम्म्याच गॅलरीला, आणि टेबल उरलेल्या उघड्या बाजूला. ऑफिसातही खिडकीजवळची जागा मागून घेतली.

• सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तीच.

• भेटीगाठी आधीच ठरवून, पैसे भरून ठेवायच्या. नाटकाचं तिकीट काढलेलं असलं की पाय निघतो. हे नुसतं मन रमवणं नव्हे. केली रोहन यांच्या गटाने अमेरिकेत अंगाला चिकटलेल्या सवयी आणि विचार बदलायची थेरपी आणि प्रकाशाची थेरपी यांची तुलना केली. दोन हिवाळ्यांनंतर थेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना डिप्रेशन पुन्हा आलं, प्रकाश घेतलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांना.

प्रकाशाची थेरपी म्हणजे रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या खास दिव्यासमोर बसणं. तो ऑनलाइन मागवून स्वतःवर प्रयोग करू नका. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर असेल तर त्याने त्रास वाढू शकतो. गोळ्यांचंही तेच. सीझन लागण्याआधी सुरू करायच्या एका औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली होती, पण कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार.

राजीनामा दसऱ्यानंतर

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. या काळात नुसता मूड जात नाही, निर्णयही त्याच मूडमध्ये घेतले जातात. परवाच्या जुलैत माझा राजीनामा टाइप होऊन ड्राफ्टमध्ये पडला होता. 'मला काहीच जमत नाही' हे तेव्हा अगदी शंभर टक्के खरं वाटत होतं. ओपीडीतल्या डॉक्टरांनी एकच सुचवलं: मोठे निर्णय बरं वाटेपर्यंत पुढे ढकल. मी तारीख धरली दसऱ्याची. तोवर पाऊस मुंबईतून परतलेला किंवा परतीच्या वाटेवर असतो. दसऱ्याला तो मेल उघडला, वाचला आणि डिलीट केला. नोकरी तीच होती, बॉस तोच होता. तेव्हापासून नियम पक्का: ब्रेकअप, राजीनामा, शहर सोडणं, काहीही असो, सीमोल्लंघन दसऱ्याला. आषाढात नाही.

मात्र एक गोष्ट अजिबात पुढे ढकलायची नाही. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, काम होत नसेल, तर डॉक्टर गाठा. आणि जगू नये असं वाटत असेल, तर आत्ताच कुणाला तरी सांगा. सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही.

तुमच्या ग्रुपमधली एखादी दर पावसाळ्यात 'बिझी' होत असेल, तर तिला ट्रेकला ओढू नका. सकाळी आठला तिच्या बिल्डिंगखाली उभे राहा आणि हाक मारा. चहा टपरीवर, उघड्यावर प्या. एवढं पुरतं.