हिवताप-प्रजीवांचे अवस्थांतर

हिवताप-प्रजीवांचे अवस्थांतर : हिवतापास कारणीभूत होणारे प्लास्मोडियम वंशाचे एककोशिक प्रजीव मनुष्य व ॲनॉफेलीस डासाची मादी अशा दोन आश्रयांत जगतात आणि प्रत्येक ठिकाणी निराळे रूप धारण करतात. या रूपबदलास अवस्थांतर म्हणतात. ताप येणे, रोग पसरणे आणि ताप पुन्हा उलटणे या तीन गोष्टी तीन वेगळ्या अवस्थांमुळे घडतात. म्हणून ताप उतरला, तरी प्रजीव शरीरातून गेला असे मानता येत नाही.

पुणे जिल्ह्यातील मावळासारख्या प्रदेशात या गोष्टीचे महत्त्व विशेष जाणवते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी सु. ४,००० मिमी. पाऊस पडतो, परंतु तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पश्चिम महाराष्ट्रातील हिवतापवाहक डासांपैकी ॲ. क्युलिसिफेसीस भातखाचरांत व डबक्यांत, ॲ. फ्लुव्हिएटिलिस मंद वाहणाऱ्या स्वच्छ ओढ्यांत, तर ॲ. स्टिफेन्साय विहिरी, टाक्या व बांधकामावरील साठवलेल्या पाण्यात अंडी घालते. उन्हाळ्यात ओढे आटतात व डास विरळ होतात. हा कोरडा काळ प्रजीवाला माणसाच्या शरीरातच काढावा लागतो.

डासाच्या दंशाबरोबर शिरलेले प्रजीव प्रथम यकृतात जातात. तेथे एका प्रजीवापासून हजारो नवे प्रजीव तयार होऊन रक्तात उतरतात आणि तांबड्या कोशिकांत वाढून त्या फोडतात. थंडी वाजून येणारा ताप हा या फुटण्याचा परिणाम होय. काही प्रजीव मात्र ही अलैंगिक वाढ सोडून गंतुकजनक (नर व मादी जननकोशिका निर्माण करणारे) बनतात. हा निर्णय एपी२-जी हे प्रथिन घडवून आणते, असे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. या प्रथिनाचा जीन एरवी मिटवून ठेवलेला असतो व थोड्याच कोशिकांत उघडतो.

गंतुकजनक रुग्णाला ताप आणत नाहीत. ते डासाची वाट पाहतात. डासाच्या जठरात पोहोचताच तापमान माणसाच्या शरीराहून काही अंशांनी उतरते व तेथील झँथुरेनिक अम्लाचा स्पर्श होतो. या दोन खुणा मिळाल्यावर पंधरावीस मिनिटांत एका नर कोशिकेतून आठ चाबकासारखे गंतुक बाहेर पडतात. आल्फाँस लाव्हरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली वळवळ ती हीच. काचपट्टीवर रक्त थंड झाल्याने प्रजीवाची फसगत झाली होती, असे म्हणावयास हरकत नाही! पुढे रॉनल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीवर प्रजीवाच्या पुटी पाहिल्या. तापमान २५° से. च्या आसपास असल्यास प्ला. व्हायव्हॅक्सची डासातील वाढ सु. १० दिवसांत पुरी होते, १५° से. च्या खाली ती जवळजवळ थांबते.

प्ला. व्हायव्हॅक्सजवळ आणखी एक अवस्था आहे. यकृतात शिरलेल्या प्रजीवांपैकी काही वाढतच नाहीत. एका कोशिकेत निपचित पडून राहतात. त्यांस हिप्नोझॉइट म्हणजे ‘निद्रिस्त जीव’ म्हणतात. वोयचेख क्रोटोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत ते प्रत्यक्ष दाखवून दिले. ही झोप काही आठवड्यांची वा अनेक महिन्यांचीही असू शकते. त्यामुळे पावसाळ्याअखेर डास चावलेल्या माणसास, पुन्हा डास न चावताही, पुढील वर्षी ताप येऊ शकतो आणि त्या वेळच्या नव्या डासांना त्याच्या रक्तातून प्रजीव मिळतात. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील डीडीटी फवारणीने भारतातील हिवताप पुष्कळ ओसरला, पण १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा सु. ६४ लाखांवर गेली. या पुनरुद्‌भवास डासांची कीटकनाशक-प्रतिकारक्षमता, कामातील ढिलाई इ. कारणे होती, तथापि यकृतातील या साठ्यापर्यंत कोणतीही फवारणी पोहोचत नाही, हेही खरे.

क्लोरोक्वीन रक्तातील प्रजीव मारते, पण झोपलेल्यांना धक्का लावत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीन द्यावे लागते. भारतात ते पूर्वी पाच दिवस देत. मुंबईत झालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा क्रम ताप उलटण्यास आळा घालू शकत नाही, तर चौदा दिवसांचा क्रम घालतो, असे आढळले. पुढे तोच स्वीकारण्यात आला. तिसऱ्याचौथ्या दिवशी बरे वाटू लागल्यावर गोळ्या सोडणारे रुग्ण पुष्कळ असतात, ही यातील मोठी अडचण आहे. दुसरी अडचण जी६पीडी या एंझाइमाची आनुवंशिक न्यूनता असलेल्यांची. प्रायमाक्वीनमुळे त्यांच्या तांबड्या कोशिका फुटू लागतात. म्हणून औषधापूर्वी रक्ततपासणी करणे इष्ट असते. गर्भवती स्त्रिया व तान्ह्या मुलांना हे औषध देत नाहीत.