पेशींचा श्वास कोंडतो तेव्हा

कर्करोगाची गाठ भराभर वाढते, पण रक्तवाहिन्या तिला पुऱ्या पडत नाहीत. आतल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. अशा पेशी किरणोपचाराने मारायच्या तर दुप्पट-तिप्पट मात्रा लागते. म्हणून त्या आधीच ओळखायला हव्यात. सुई खुपसून ऑक्सिजन मोजता येतो, पण खुपसली तेवढ्याच जागेचा.

मग पेशींनाच विचारले तर? पेशी ‘हिफ-१ अल्फा’ हे प्रथिन सतत बनवतात आणि काही मिनिटांत मोडूनही टाकतात. उधळपट्टीच वाटते, नाही? पण मोडण्याआधी त्यावर एक विकर खूण करते आणि त्या खुणेसाठी ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसला की खूण होत नाही. प्रथिन साठते, केंद्रकात शिरते आणि ठरावीक जनुके चालू करते. (या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.) त्यांपैकी एक जनुक म्हणजे ‘सीए-९’. गाठीच्या तुकड्यात त्याचा आरएनए जास्त सापडला, तर तिथे ऑक्सिजनची टंचाई असावी.

मात्र हा साक्षीदार कधी खोटेही बोलतो. मूत्रपिंडाच्या एका कर्करोगात ती खूण ओळखणारे ‘व्हीएचएल’ प्रथिनच बऱ्याचदा बिघडलेले असते. तिथे ऑक्सिजन असूनही सीए-९ चालूच राहते. म्हणून डेन्मार्कमधल्या संशोधकांनी डोके-मानेच्या कर्करोगासाठी १५ जनुकांचा संच निवडला.