कलम ६६अ: रद्द झाले, तरी संपले नाही

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुक मजकुरावरून पालघरमध्ये दोन तरुणींना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ खाली अटक झाली; ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला हे कलम शिक्षा देत होते. एकीने तो लिहिला होता, दुसरीने ‘लाइक’ केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. म्हणजे निकाल पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचला, तरच तो नागरिकाच्या कामाचा.

असे कलम नसेल तर उज्जैनसारख्या यात्रेच्या शहरात अफवा जीवघेणी ठरू शकते, हा आक्षेप खरा आहे. पण चिथावणी आजही गुन्हाच आहे. न्यायालयाने संरक्षण दिले ते चर्चेला आणि मतप्रचाराला. निकालाप्रमाणेच सरकारी आदेशही लोकांपर्यंत पोहोचायला हवेत: सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानुसार जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतात, कारण आदेश वाचता आला तरच त्याला आव्हान देता येते. माहिती खुली हवी, हा हॅकर संस्कृतीचा जुना आग्रह इथे लोकशाहीच्या बाजूचा आहे. मे २०१२ मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस’ या हॅकर गटाने सेन्सॉरशिपच्या निषेधार्थ सरकारी संकेतस्थळांवर केलेले हल्ले मात्र समर्थनीय नाहीत: त्यांनी नागरिकांचीच माहिती अडवली.